चॉकलेट कशाला म्हणायचं?

परदेशातून कुणी आलं की बॅगेतून चॉकलेटचा डबा निघतो, हे आता तालुक्याच्या गावातल्या पोरांनाही पाठ झालंय. जावई दुबईहून येवो नाहीतर भाचा अमेरिकेहून, विमानतळावरच्या दुकानातला तो सोनेरी डबा ठरलेला. आधी तो देवापुढे, मग फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मग पाहुण्यारावळ्यांना एकेक. रिकामा झाला तरी टाकवत नाही, त्यात टिकल्या नाहीतर सुईदोरा जातो. एवढं कौतुक होतं, पण आतलं चॉकलेट चांगलं होतं का, असं कुणी विचारत नाही. पेढ्याला मात्र आपण लगेच नाव ठेवतो. खवा जुना होता, साखर जास्त झाली, वेलची नावालाच होती. मग चॉकलेटपुढेच आपली जीभ गप्प का बसते?

ते आपलं नाही, तेव्हा त्यातलं आपल्याला कळणार नाही, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. दूध, तूप, साखर यांत जिचं आयुष्य गेलं तिला दुसऱ्या देशाची मिठाई पारखायला फार तर आठवडा लागेल. हे मी अनुभवाने सांगतेय. माझी भाची बेल्जियममध्ये, ब्रसेल्स शहरात नोकरी करते. तिच्याकडे मी तीन आठवडे राहून आले. ती ऑफिसला गेली की मी कापडी पिशवी घेऊन बाहेर. आणि त्या शहराच्या मध्यावर तुम्ही कुठल्याही गल्लीत शिरा, चार पावलांवर चॉकलेटचं दुकान असतंच. आपल्याकडे देवस्थानाच्या गावात पेढ्यांची दुकानं असतात ना, तशी ओळीने.

नव्या मिठाईवाल्याकडे आपण आधी पावशेर साधा पेढा घेतो. तोच नियम मी तिथे लावला. प्रत्येक दुकानात दोनच जिन्नस घ्यायचे. एक हेझलनटचं सारण भरलेलं आणि एक साधं, काळं, बिनदुधाचं. मध्ये पाणी प्यायचं. आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक प्रश्न विचारायचा, की हे चॉकलेट तुम्ही स्वतः बनवता का?

हा प्रश्न का, ते आधी सांगते. आपल्याकडे पेढेवाला खवा स्वतः आटवतो की बाहेरून आणतो, यावर बराच फरक पडतो. तिथेही तसंच आहे. ब्रसेल्समधली बहुतेक दुकानं कोकोच्या बिया भाजत नाहीत, दळत नाहीत. तयार चॉकलेट मोठ्या कारखान्याकडून घेतात, वितळवून साच्यात ओततात आणि आत आपापलं सारण भरतात. असा सगळ्यात मोठा कारखाना ब्रसेल्सपासून फार लांब नाही, वीझ नावाच्या गावी आहे. कालेबो घराण्याने तिथे १९११ मध्ये चॉकलेट करायला सुरुवात केली. पुढे त्यांनीच पातळ, गरम चॉकलेट टँकरने पोचवण्याची सोय काढली. दुधाचे टँकर आपल्याला माहीत आहेत, चॉकलेटचे टँकर ऐकून मला जरा गंमतच वाटली. तर मुद्दा असा, की दोन दुकानांच्या पाट्या निराळ्या असल्या तरी आतलं चॉकलेट एकाच टँकरमधून आलेलं असू शकतं. यात फसवणूक नाही. सारण, हात आणि ताजेपणा यांची किंमत असतेच. पण आपण पैसे कशाचे देतोय हे आपल्याला माहीत असावं.

शहरात एक जुना, काचेच्या छताचा बाजार आहे, १८४७ मध्ये बांधलेला. त्यातल्या राणीच्या नावाच्या भागात नॉयहाउस हे दुकान आहे. मूळचं ते औषधांचं दुकान. स्वित्झर्लंडहून आलेल्या ज्याँ नॉयहाउसने १८५७ मध्ये ते थाटलं. कडू औषधाच्या गोळ्यांवर तो चॉकलेटचा थर देत असे, असं ते लोक सांगतात. त्याच्या नातवाने, त्याचंही नाव ज्याँच, १९१२ मध्ये औषधाऐवजी आत गोड सारण भरलं आणि प्रालीन जन्माला आलं. बेल्जियममध्ये प्रालीन म्हणजे सारण भरलेलं चॉकलेट, आपल्या मोदकाचा लांबचा भाऊच म्हणा. हे सगळं नातवाच्या नावावर जमा आहे आणि ते बरोबरच आहे. पण पुढची गोष्ट मला जास्त भावली. तेव्हा ही प्रालीनं कागदाच्या पुडीत बांधून देत. शेंगदाण्यासारखी. घरी पोचेपर्यंत खालची चेपून जायची. १९१५ मध्ये नातवाच्या बायकोने, लुईज आगोस्तिनीने, तळ सपाट, वर दुमडून बंद होणारा पुठ्ठ्याचा खोका बेतला. त्याला बॅलोटिन म्हणतात. आज ब्रसेल्समधल्या गरीब-श्रीमंत सगळ्या दुकानांत चॉकलेट त्याच घडणीच्या खोक्यात मिळतं. प्रालीन शहराबाहेर गेलं, भेट म्हणून पाठवण्याजोगं झालं, ते त्या खोक्यामुळे. नवऱ्याने पदार्थ केला आणि बायकोने तो चार माणसांत नेण्याजोगा केला. अशा बायका आपल्या प्रत्येकीच्या नात्यात असतील.

नॉयहाउसचं हेझलनटचं प्रालीन मला आवडलं. सारण बारीक वाटलेलं, भाजल्याचा वास नेमका. काळं चॉकलेटही स्वच्छ. किंमत मात्र मधल्यापेक्षा वरची, आणि त्या जुन्या बाजाराचं, काचेच्या छताचं, हातमोजे घातलेल्या मुलीच्या अदबीचं थोडं भाडं त्यात आहे. मला ते भाडं एकदा द्यायला जड गेलं नाही. दर आठवड्याला गेलं असतं.

मेरी हे दुकान मी केवळ नावामुळे शोधलं. मेरी डेलुक नावाच्या बाईने १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्यावर लगेच, हे दुकान स्वतःच्या नावाने काढलं. ज्या देशात सगळ्या स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क १९४८ मध्ये मिळाला, त्या देशात १९१९ ची ही पाटी आहे, हे लक्षात घ्या. १९४२ मध्ये तिला राजघराण्याचा पुरवठादार म्हणून मान मिळाला. खोके सुरेख, हाताने रंगवल्यासारखे. इथली चॉकलेटं गोडाला जरा हलकी वाटली, आणि विकणाऱ्या बाईंनी मला कुठलं आधी खा, कुठलं नंतर, हे आजीच्या मायेने सांगितलं. किंमत नॉयहाउसच्या जवळपासची. कुणाला भेट द्यायची असेल तर मी मेरीच निवडेन.

गोदिवा आपल्याकडच्या मॉलमधूनही काहींनी पाहिलं असेल. ड्राप्स कुटुंबाने १९२६ मध्ये ब्रसेल्समध्येच ते सुरू केलं. १९६६ पासून ते हळूहळू अमेरिकेतल्या सूप विकणाऱ्या कॅम्पबेल कंपनीकडे गेलं आणि पुढे तुर्कस्तानच्या यिल्दिझ समूहाने विकत घेतलं. मुख्य चौकातलं दुकान झगमगीत आहे, पर्यटकांची रांग आहे. मला त्यांचं चॉकलेट वाईट वाटलं नाही, फक्त जे विमानतळावर मिळतं त्यासाठी मुद्दाम चौकापर्यंत चालत जावं असं काही सापडलं नाही.

साब्लों नावाच्या चढावरच्या चौकात पिएर मार्कोलिनीचं दुकान आहे. १९९५ पासूनचं, म्हणजे या घराण्यांपुढे कालचं पोर. आत शिरलं की सोनाराच्या पेढीत आल्यासारखं वाटतं. चॉकलेटं लहान, काळ्याभोर चौकोनी वड्यांसारखी, काचेखाली मांडलेली. माझ्या प्रश्नाला इथे 'हो' असं उत्तर आलं. हे लोक कोकोच्या बिया मळ्यांतून आणतात आणि स्वतः भाजून, दळून चॉकलेट करतात. त्यांच्या साध्या काळ्या चॉकलेटची चव मी इथे शब्दांत सांगू पाहते, पण जमत नाही. आधी आंबटसर, मग भाजल्या दाण्यासारखी, मग बराच वेळ काहीतरी मागे रेंगाळतं. निरनिराळ्या देशांच्या बियांच्या दोन वड्या शेजारी खाल्ल्या तर इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांच्याइतका फरक कळतो. मी तिथे चार वड्या घेतल्या. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि एवढंच समजा, की लिओनिदासच्या एक किलोच्या पैशात मार्कोलिनीचं अर्धा किलोही येत नाही.

आता लिओनिदास. भाचीच्या ऑफिसातल्या मुली याला जरा नाक मुरडतात. स्वस्त ना! लिओनिदास केस्तेकिदेस हा ग्रीक माणूस अमेरिकेतून जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बेल्जियमला आला, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला आणि तिथलाच झाला. १९१३ पासून ते नाव आहे. त्याच्या पुतण्याने मोठ्या रस्त्याला लागून, वर सरकणारी काचेची खिडकी केली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला खिडकीतून चॉकलेट विकायला सुरुवात केली. दार नाही, पायरी नाही, आत जाऊ का नको असा संकोच नाही. कामावरून घरी जाणाऱ्या माणसाने पाव किलो घ्यावं आणि पुढे जावं. मला हे फार मोठं वाटतं. महागड्या वस्तूच्या दुकानाचं दार ओलांडायला धीर लागतो, तो आपल्याला ठाऊक आहे. इथे मी रोज संध्याकाळी बघायची, पिशवीत भाजी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका यायच्या, बोटाने दाखवायच्या, हे दोन, ते तीन. कुठलंही घ्या, किलोचा भाव एकच. तराजूवर आधी रिकामा खोका ठेवून आकडा शून्यावर आणला जायचा आणि मग चॉकलेट. (आपल्याकडे काही ठिकाणी खोक्यासकट मिठाई तोलतात, पुठ्ठा मिठाईच्या भावाने घरी येतो. याबद्दल एकदा वेगळं लिहायचं आहे.) त्यांचं मानों नावाचं चॉकलेट खा. वर पांढरं कवच, आत कॉफीची मऊ साय आणि एक भाजलेला हेझलनट. माझ्यासाठी तीन आठवड्यांतलं सगळ्यात जास्त समाधान या खिडकीत होतं. मार्कोलिनीकडे जिभेला नवं काहीतरी कळलं. पण रोजच्या आनंदाला लिओनिदास.

या पाच दुकानांत किंमत दुपटीपेक्षा जास्त वरखाली झाली. पण एक गोष्ट कुठेच बदलली नाही. सगळीकडे चॉकलेट जिभेवर आपोआप वितळलं, टाळ्याला काही चिकटलं नाही. याउलट त्या 'सू करणाऱ्या मुलाच्या' प्रसिद्ध पुतळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत एका दुकानातून घेतलेलं चॉकलेट टाळ्यावर मेणासारखं बसलं. खोक्यावर शहराचं छान चित्र, पाच खोक्यांवर सवलत, आणि दारात चॉकलेटचं कारंजं. ती चव मात्र मला लगेच ओळखीची वाटली. ती मी आपल्याच गावात दर दिवाळीला खाते.

वनस्पती तुपातला आणि साजूक तुपातला लाडू डोळे मिटूनही ओळखता येतो ना? चॉकलेटचं तेच आहे. कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. ती ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे हातात घट्ट आणि तोंडात पातळ. चॉकलेटची सगळी जादू या दोन-तीन अंशांत आहे. हे बटर महाग, म्हणून त्याला पर्याय शोधले जातात. युरोपात यावरून देशादेशांत तीसएक वर्षं भांडण चाललं. बेल्जियम, फ्रान्स म्हणायचे, दुसरी चरबी घातली तर त्याला चॉकलेट म्हणू नका. इंग्लंड म्हणायचं, आम्ही पूर्वीपासून घालतो. शेवटी २००० मध्ये कायदा झाला. दुसरी वनस्पतिजन्य चरबी फार तर ५ टक्के, तीही ठरावीक सहा प्रकारांतली, आणि पाकिटावर तसं छापायचं. त्या सहांची यादी मी वाचली आणि चक्क खुर्चीत सरसावून बसले. पाम तेल आहे, शिया आहे, साल वृक्षाच्या बियांचं तेल आहे, आंब्याच्या कोयीतलं तेल आहे, आणि आहे आपलं कोकम! कोकणातल्या बायका कोकमाच्या बियांपासून जे मुठेल काढतात आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावतात, ते युरोपातल्या चॉकलेटच्या कायद्यात नावानिशी बसलंय. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मैत्रिणींनी हे जरूर सांगावं सगळ्यांना.

आपल्या देशातही चॉकलेटमध्ये दुसरी चरबी ५ टक्क्यांपर्यंतच चालते. मग आपल्या गावागावांत 'होम मेड चॉकलेट' म्हणून जे मिळतं ते काय? ते बहुतेक वेळा कंपाऊंड असतं. म्हणजे कोको पावडर, साखर आणि कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी. केकचं सामान मिळतं त्या दुकानात त्याची तपकिरी किंवा पांढरी लादी मिळते. ती वितळवायची, साच्यात ओतायची, फ्रिजमध्ये घट्ट करायची, रंगीत चंदेरी कागदात गुंडाळायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या कितीतरी मैत्रिणी दोन दिवसांच्या क्लासला जाऊन हे शिकल्या, आणि राखी, दिवाळी, वाढदिवस यांवर घरबसल्या चार पैसे मिळवू लागल्या. त्या पैशांतून मुलीची फी गेली, गॅसचा सिलिंडर आला. या कामाला मी कमी लेखणार नाही.

कंपाऊंडच्या बाजूनेही बोललं पाहिजे. खरं चॉकलेट नुसतं वितळवून ओतलं तर त्यावर पांढरट डाग पडतात, ते मऊ राहतं. ते आधी तापवून, मग उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून सांभाळावं लागतं. त्याला टेम्परिंग म्हणतात. आपल्या साखरेच्या पाकापेक्षाही ते नाजूक काम. शिवाय जळगाव-अकोल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४२ च्या वर जातो, तिथे ३४ अंशांवर वितळणारी वस्तू डब्यात भरून द्यायची कशी? कंपाऊंडला हे लाड लागत नाहीत आणि लादीही पुष्कळ स्वस्त पडते. तेव्हा ते वापरणं हा गुन्हा नाही. त्याला चॉकलेट म्हणून, चॉकलेटच्या भावाने विकणं मला खटकतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत पिकतो. तिथली पिकं हवामानाने आणि झाडांच्या रोगाने बुडाली, आणि जो कोको २०२२ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होता तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये १२ हजारांपलीकडे गेला. २०२५ मध्ये भाव बराच उतरला. पण दरम्यान मोठमोठ्या कंपन्यांनी कोको कमी करून चरबी वाढवली. इंग्लंडात पेंग्विन आणि क्लब या घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या बिस्किटांवर २०२५ मध्ये 'चॉकलेट' ऐवजी 'चॉकलेटच्या चवीचं' असं लिहायची वेळ आली. मोठ्या कंपनीला जर नाव बदलावं लागतं, तर आपण आपल्या डब्यावर खरं नाव लिहायला का लाजावं?

माझ्या ओळखीची एकजण बारा वर्षं हा उद्योग करतेय. तिला मी हे बोलले तर ती चिडलीच. "ताई, तुम्हाला बोलायला काय जातं? डब्यावर कंपाऊंड लिहिलं तर कोण घेईल? कोपऱ्यावरची लिहीत नाही, मग माझंच गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पण गिऱ्हाईकाची बाजूही आहे ना. जी बाई मुलाच्या वाढदिवसाला काटकसर करून चॉकलेटचे पन्नास नग घेते, तिला ती वनस्पतीच्या भावाची वस्तू साजुकाच्या भावाने घेतेय, हे कळायला नको? आणि जी मैत्रीण खरं कोको बटरचं चॉकलेट मेहनतीने करते, तिचा भाव कुणामुळे पडतो? विचारलंच नाही तर तिचं काम आपल्याला दिसणार कसं? म्हणून घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, ती वाचावी. कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड चरबी, आणि साखर कितव्या नंबरवर आहे, एवढं पाहिलं की पुरे. घरगुती डब्यावर यादी नसेल तर सरळ विचारावं, "कुठली लादी वापरता हो?" यात उद्धटपणा काही नाही. दुधात पाणी किती, हे आपण गवळ्याला विचारतोच.

ती मैत्रीण महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मग राखीच्या आधी तिने दोन किलो खरी लादी मागवली, दोनदा बिघडवली, तिसऱ्यांदा पहाटे चारला उठून, गारवा असताना केली तेव्हा जमली. मोडताना 'टक' असा आवाज आला म्हणून मला फोन केला. यंदा तिच्याकडे दोन भावांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'चॉकलेट, कोको बटरचं', दुसरीवर 'कंपाऊंडच्या वड्या'. कंपाऊंडच्या दीडशे डब्या गेल्या, नेहमीपेक्षा वीस कमी. खऱ्याच्या चौदाच गेल्या, पण त्या चौदांपैकी नऊजणींनी दिवाळीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय. तिचा हिशेब अजून पुरता बसलेला नाही. खऱ्या डबीचा भाव कितीला ठेवावा, यावर परवा आम्ही दोघी तासभर वही घेऊन बसलो होतो.